परातीच्या मापाचा ढोल

आमच्या मीरा रोडच्या वन बीएचकेत पाच जण राहायचे आणि त्यांतल्या एकाचा व्यास बावीस इंच होता.

बाकीचे चार म्हणजे मी, बायको सुजाता, मुलगी तन्वी आणि माझी आई. पाचवा माझ्या ड्रमसेटमधला बेस ड्रम. स्टेजवर तो ड्रमरच्या पुढ्यात उभा असतो आणि पायाने पेडल दाबलं की पेडलचा दांडा त्यावर आपटून ‘धम्म’ होतं. घरात मात्र तो आडवा असायचा. आडवा झाला की त्याचं टेबल व्हायचं आणि टेबल झालं की त्यावर संसार चढायचा. आईच्या गोळ्यांचा डबा, तन्वीची पुस्तकं, इस्त्रीचे कपडे आणि पाहुणे आले की चहाचा ट्रे! कार्यक्रमाला निघायचं म्हणजे आधी तासभर टेबल रिकामं करायचं. एकदा घाईघाईत आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या ड्रमबरोबर भिवंडीला जाऊन आल्या. (त्या दिवशी आईचा रक्तदाब वाढला. तो गोळी चुकल्याने वाढला की माझ्यामुळे, यावर डॉक्टरांनी मत दिलं नाही.)

आठवडाभर मी एका खासगी कंपनीच्या डिस्पॅच खात्यात असतो. आलेल्या खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची मोजायची, चिठ्ठी चिकटवायची आणि खोकं पुढे ढकलायचं, हे माझं काम. माझ्या किल्ल्यांच्या जुडग्याला मोजायची टेप कायम लटकलेली असते. ही गोष्ट कृपा करून लक्षात ठेवा, कारण ऐन वेळी मी ती विसरलो.

शनिवार-रविवार मात्र मी प्रकाशदादांच्या ऑर्केस्ट्रात ड्रमर असतो. प्रकाशदादांना ‘नाही’ म्हणायची सवय नाही. आज हळद, उद्या सोसायटीची पूजा, एप्रिलात भीमजयंती, नवरात्रात गरबा, डिसेंबरात उत्तनकडे नाताळ. सगळीकडे तोच सेट आणि तोच मी. ऑफिसात मला ‘ओ डिस्पॅच’ अशी हाक मारतात, पण शनिवारी संध्याकाळी मी दोन काठ्या एकमेकींवर चार वेळा आपटल्याशिवाय गाणंच सुरू होत नसे. आयुष्यात माझ्यावाचून अडणारी तेवढी एकच गोष्ट होती.

ती धोक्यात आली चौक गावामुळे. तिथल्या लग्नाला मी नेहमीप्रमाणे टेम्पो केला आणि नेहमीप्रमाणे गल्लीत अडकलो. पुढे वाळत घातलेले बोंबील, मागे बस आणि मध्ये मी! शेवटी बावीस इंची ड्रम डोक्यावर घेऊन मांडवात पोचलो, तोवर तीन गाणी झाली होती. माझ्याशिवाय! माझ्या जागी निलेश बसला होता.

निलेश म्हणजे सुजाताचा धाकटा भाऊ. त्याच्याकडे ऑक्टोपॅड आहे. खांद्याला अडकवायची एक बॅग, त्यात एक चपटी पाटी, तिच्यावर आठ चौकोन. त्यांतून ड्रम, ढोलकी, तबला आणि वर काच फुटल्याचाही आवाज निघतो. निलेश स्वभावाने इतका गोड की त्याचा राग धरायचीही सोय नाही.

“भावजी, तुम्हीच वाजवा हो,” तो उठत म्हणाला. “मी आपला स्टँडबाय.”

प्रकाशदादा मात्र गोड नाहीत. त्यांनी मला बाजूला घेतलं. “सुरेश, पुढच्या महिन्यात चेण्याला हळद आहे. रिक्षात मावेल एवढाच सेट आणायचा. दारात टेम्पो दिसला तर निलेश बसणार. कायमचा.”

“दादा, बेस ड्रमच मोठा आहे, त्याला मी काय करू?”

“छोटा घे. सगळीकडे चालेल असा. गरब्यालाही आणि हळदीलाही.”

झालं! घरी सर्वपक्षीय बैठक बसली. मी वीस इंचांवर अडून बसलो, कारण ड्रम जितका लहान तितका त्याचा ‘धम्म’ बारीक होत जातो आणि हळदीला बारीक धम्म म्हणजे फिका रस्सा. सुजाताचं म्हणणं सोळा. (तिचं खरं म्हणणं शून्य होतं, पण ती समंजस आहे.) तन्वी मोबाइलवर शोधून म्हणाली, “पप्पा, अठरा इंचवाले पण असतात. आणि पुढे ‘बाय’ करून अजून एक आकडा लिहिलाय.”

“मी डिस्पॅचमध्ये आहे,” मी म्हणालो. “मला आकडे शिकवू नकोस.”

आई इतका वेळ लसूण सोलत होती. ती म्हणाली, “मेल्या, इंच नको सांगू मला. भांडं सांग.”

आमच्या आईचं जगच भांड्यांनी मोजलेलं आहे. रत्नागिरीजवळच्या आमच्या गावात पाऊस टोपाने, माणसं पातेल्याने आणि लग्नं पिंपाने मोजतात. अमक्याच्या लग्नाला किती माणूस होतं? “दोन पिंपं वरण.” संपला विषय! मी टेप घेऊन स्वयंपाकघरात शिरलो. बावीस इंचाचं आमच्याकडे काहीच नव्हतं. सोळा इंच म्हणजे रोजची पीठ मळायची परात. आणि अठरा इंच बरोब्बर निघाली आईच्या लग्नातली पितळी परात, जी ती माहेराहून घेऊन आली होती आणि फक्त गौरी-गणपतीत खाली काढायची.

“मग ठरलं,” आई म्हणाली. “ह्या परातीच्या मापाचा ढोल आण. परात जिथं मावेल तिथं ढोल मावेल. आधी परात फिरवून बघू, मग दुकानात जाऊ.”

यात चूक काढायला मला काहीच सापडलं नाही. आजही प्रामाणिकपणे सांगतो, त्या क्षणी आईचा मला अभिमान वाटला होता.

मग परातीची वरात निघाली. आधी माळा. परात सरकन आत गेली. मग लिफ्ट. लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या हंसाबेन भेटल्या. त्यांनी एकदा परातीकडे आणि एकदा आम्हा मायलेकांकडे पाहिलं.

“सुरेशभाई, केटरिंग चालू किया क्या?”

“नाही नाही,” आई म्हणाली. “माप लेनेका है.”

“किसका?”

“रिक्षाका!”

हंसाबेन खालपर्यंत परातीकडेच बघत राहिल्या. (संध्याकाळपर्यंत सोसायटीत आम्ही पन्नास माणसांपर्यंतच्या ऑर्डरी घेतो असं पसरलं होतं.)

खाली बेव्हर्ली पार्कच्या नाक्यावर एक रिक्षा उभी होती. आम्ही मागच्या सीटच्या पाठीमागे, जिथे लोक पिशव्या टाकतात तिथे, परात उभी करून सरकवली. बसली! मी शेजारून, मागून, वाकून पाहिलं. मग आत बसूनही पाहिलं.

“किधर जाना है?” रिक्षावाल्याने विचारलं.

“कहीं नहीं.”

“तो बैठे क्यों हो?”

“देख रहे हैं, बैठता है क्या.”

“आप तो बैठ गये!”

“मैं नहीं, परात!”

त्याने आरशातून आईकडे पाहिलं. आईने त्याला हातानेच ‘जरा दमा’ अशी खूण केली. तो बिचारा दमला. पुढची फेरी मात्र त्याने आमच्याकडून आगाऊ कबूल करून घेतली आणि मग आम्हाला मुकाट भाईंदरला वाद्यांच्या दुकानापर्यंत सोडलं.

दुकानात आई काउंटरवर परात ठेवून म्हणाली, “ह्याच्या मापाचा ढोल दाखवा.” दुकानदाराने आयुष्यात बरीच गिऱ्हाइकं पाहिली असावीत. त्याने काहीही न विचारता दोन ड्रम पुढे काढले आणि म्हणाला, “अठरा बाय चौदा देऊ, की अठरा बाय अठरा?”

वाचकहो, हाच तो क्षण! माझी टेप माझ्या खिशात होती. मी फक्त ती काढायची होती. पण दुकानदाराने आधी एक ड्रम वाजवला, तो म्हणाला ‘थप’. मग दुसरा वाजवला, तो म्हणाला ‘धम्म’. अगदी माझ्या जुन्या बावीससारखा भरदार धम्म! “तोंड छोटं आहे साहेब, पण पोट खोल आहे,” दुकानदार म्हणाला. तोंड छोटं आणि आवाज मोठा, म्हणजे मला देवच पावला. तरीही मी एकट्याने निर्णय घेतला नाही. आईने दोन्ही ड्रमांवर परात उपडी घालून पाहिली. दोन्हींवर झाकण बसावं तशी ती चपखल बसली.

“दोन्ही मापात हायत,” आई म्हणाली. “मग आवाजाचा घे.”

जुना ड्रम बदल्यात द्यायचं ठरवून ‘आवाजाचा’ घेतला. दुकानाचा टेम्पो हळदीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, खोकं घरी टाकून जुना ड्रम घेऊन गेला. मी कात्री घेऊन धावलो तर आई खोक्यासमोर आडवी. “आज अवस आहे. नवी वस्तू आजच्या दिवशी उघडायची न्हाय.”

“आई, उद्या कार्यक्रम आहे!”

“मग उद्या उघड. आज उघडून काय वाजवणार हायस?”

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर खोकं उघडलं. ड्रम सुरेख होता, लालभडक. तन्वीने त्याच्याकडे एका बाजूने पाहिलं, मग दुसऱ्या बाजूने पाहिलं. मग माझ्याच जुडग्याची टेप ओढून मोजलं आणि म्हणाली, “पप्पा, जुना ड्रम पुढून मागे चौदा इंच होता ना? हा अठरा आहे.”

“अठराच घेतलाय मी.”

“तोंड अठरा. पण लांबी पण अठरा. तोंड चार इंच कमी झालं आणि लांबी चार इंच वाढली.”

मी खाली बसलो. जो माणूस वर्षानुवर्षं रोज खोक्यांच्या तीन बाजू मोजतो, त्याने आयुष्यातलं सर्वांत महत्त्वाचं खोकं दोन बाजूंवर सोडून दिलं होतं. परातीला तिसरी बाजू नसते हे आमच्या घरात चार माणसं असून कोणाच्याच लक्षात आलं नाही. (तन्वीच्या आलं होतं. पण तिला मी डिस्पॅच सांगितला होता.) माळ्यावर ड्रम जाईना. सीटच्या मागे तर शक्यच नव्हतं.

“परात मावली होती,” आई म्हणाली.

“परात चपटी आहे गं आई!”

“मग तू चपटा ढोल आणायचास.”

खाली रिक्षा आणली आणि सगळं सामान त्यात कोंबलं. मागच्या जागेत छोटा ड्रम, पायाशी स्टँड, झांजांची पिशवी, आणि सीटवर ऐसपैस लाल बेस ड्रम. अहो, मावलं सगळं! मी आनंदाने आत शिरायला गेलो आणि बाहेरच राहिलो. रिक्षात ड्रमसेट मावला होता, ड्रमर मावत नव्हता. उरलेल्या वीतभर जागेत मावेल असं आमच्या घरात एकच माणूस होतं. ते काखोटीला परात मारून तयारच उभं होतं.

“आई, परात कशाला?”

“असू दे. कोणी माप चुकलं म्हणालं तर दाखवायला नको?”

आता मी कसं जायचं? तेवढ्यात निलेशची बाईक दारात येऊन थांबली. पाठीवर ऑक्टोपॅडची बॅग! मी सुजाताकडे पाहिलं. ती दोरीवरचे कपडे काढण्यात गढून गेली होती.

“ताईचा फोन आला होता,” निलेश म्हणाला. “म्हणाली, येऊन जा. बसा ना भावजी, मी तिकडेच चाललोय. स्टँडबाय.”

काशीमिऱ्यापासून चेण्यापर्यंत घोडबंदर रोडला ट्रकांच्या मधून आम्ही गेलो. पुढे रिक्षात माझी आई आणि माझा ड्रम. मागे बाईकवर निलेश, त्याच्या पाठीवर ऑक्टोपॅड, आणि त्याच्यामागे मी. पडू नये म्हणून मी ऑक्टोपॅडला घट्ट मिठी मारली होती. ज्याच्यामुळे आपली जागा जाणार त्याला इतक्या प्रेमाने कवटाळायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

चेण्याला मांडव भरलेला होता. मधोमध पाटावर नवरामुलगा हळदीने पिवळाधमक होऊन बसला होता, भोवती बायकांचा वेढा, आणि एका कडेला प्लायवूडचं बुटकं स्टेज. रिक्षा पाहून प्रकाशदादांचा चेहरा खुलला.

“शाब्बास सुरेश! रिक्षात आणलास!” मग रिक्षातून उतरणाऱ्या आईकडे त्यांचं लक्ष गेलं. “आणि ह्या?”

“ह्या आई. त्या मापात बसतात.”

मी सेट लावला, स्टुलावर बसलो आणि तालमीचा पहिला पाय मारला. ‘टक!’ पुन्हा मारला. ‘टक!’ दुकानातला धम्म गेला कुठे? वाकून पाहिलं तेव्हा उलगडा झाला. माझं पेडल जुन्या मोठ्या ड्रमच्या उंचीचं. त्याचा दांडा बावीस इंचीच्या बरोब्बर पोटावर बसायचा, तो अठरा इंचीच्या कपाळावर बसत होता. छोटा बेस ड्रम थोडा उचलून ठेवावा लागतो, हे दुकानदार सांगणारच होता बहुतेक, पण आम्ही परातीत गुंतलेलो.

“काहीतरी द्या रे खाली ठेवायला!” मी ओरडलो. विटा आणल्या, त्या फार उंच. पुठ्ठा आणला, तो दबला. नवऱ्यामुलाखालच्या पाटाकडे मी नुसतं पाहिलं, तर चार बायकांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर वळवली आणि ती थेट आईच्या काखोटीवर गेली.

“न्हाय,” आई म्हणाली.

“आई, फक्त उपडी घालतो.”

“माझ्या माहेरच्या परातीवर ढोल ठेवून लाथा मारणार?”

“आई, माझी जागा जाईल गं!”

हे मी विनोदाने म्हटलं नव्हतं आणि ते तिला कळलं असावं. तिने परात पदराने पुसली आणि दिली.

उपड्या परातीवर ड्रम बसला, दांडा पोटावर आला, प्रकाशदादांनी हात वर केला, मी काठ्या चार वेळा आपटल्या आणि गाणं सुरू झालं. धम्म! बरोबर खालून परातही वाजली. ठण्ण! धम्म-ठण्ण, धम्म-ठण्ण. वाईट नव्हतं. पण पितळेची परात गुळगुळीत, खालचं प्लायवूडही गुळगुळीत, आणि पायाची प्रत्येक लाथ पुढच्या दिशेला! पहिल्या कडव्यात ड्रम वीतभर पुढे गेला. मी स्टूल वीतभर पुढे ओढलं. ड्रम पुढे, पेडल पुढे, मी पुढे. दुसऱ्या कडव्यात मी गिटारवाल्याला मागे टाकलं. तिसऱ्या कडव्याला मी आमच्या गायिकेच्या शेजारी पोचलो होतो.

“सुरेशदादा,” ती माईक बाजूला धरून म्हणाली, “हे सोलो आहे. डुएट नाही.”

“मला थांबता येत नाहीये!”

आणि मग स्टेज संपलं. ड्रम परातीवरून घसरला, खाली पडला आणि गडगडत निघाला. मांडवाला थोडा उतार होता. बायका किंचाळत दोन्ही बाजूंना झाल्या, मध्ये लाल गालिच्यासारखा रस्ता मोकळा झाला आणि माझा सगळीकडे चालणारा ड्रम त्यावरून एकटाच चालत थेट नवऱ्यामुलाकडे गेला. त्याने बिचाऱ्याने दोन्ही हळदीचे हात पुढे करून तो अडवला.

गाणं बंद पडलं.

“निलेश, घे!” प्रकाशदादा ओरडले. झालं, गेली माझी जागा! निलेशने ऑक्टोपॅडवर झोकात काठी मारली. प्लॅस्टिकवर काठी पडल्यावर होतो तेवढाच आवाज झाला. पुन्हा मारली. पुन्हा तेवढाच. नवऱ्याच्या कोणा काकांनी पंख्यासाठी त्याचा प्लग काढून नेला होता.

त्या भयाण शांततेत आई स्टेजवर चढली. तिला ड्रमचं काही पडलं नव्हतं. तिने परात उचलली, माझ्या हातातली काठी हिसकावली आणि परात काठाने लोंबती धरून, कान देऊन वाजवली. ठण्ण.

आमच्याकडे पितळेचं भांडं पडलं की वाजवून बघतात. आवाज लांब घुमला तर भांडं धड, बसका आला तर चीर गेली. आणि एका जागी वाजवून भागत नाही. जरा जरा फिरवत काठाकाठाने सगळीकडून बघावं लागतं. आई कामात चोख. एक ठोका, परात थोडी फिरवायची, दुसरा ठोका, पुन्हा फिरवायची. ठण्ण. ठण्ण. ठण्ण. अंतर एकसारखं. बावीस इंची ड्रमवर माझी लय इतकी सारखी कधी पडली नव्हती.

मांडवात धवलारीण बसलेली होती. हळदीची जुनी गाणी म्हणणारी म्हातारी. ऑर्केस्ट्रा आल्यापासून तिला कोणी विचारलं नव्हतं आणि ती तोंड फुगवून कोपऱ्यात होती. तिने तिसऱ्या ठोक्याला मान उचलली आणि पाचव्या ठोक्याला खड्या आवाजात गाणं धरलं. दोघीतिघींनी तिच्या मागून ओढलं. मग टाळ्या आल्या. मग नवऱ्याची आजी पदर खोचून मधे उतरली.

आईला पत्ताच नव्हता. तिची परात अर्धीच तपासून झाली होती. जरा वेळाने तिने वर पाहिलं.

“सुऱ्या, ह्या काय करतायत?”

“नाचतायत.”

“का?”

“तू वाजवतेयस म्हणून.”

“मी परात बघतेय!”

“बघत राहा, आई, बघत राहा!” प्रकाशदादा धावत आले आणि त्यांनी माझ्या हातात माईक कोंबला. “सुरेश, परातीला धर!”

“थांबू नको गो बाय!” धवलारीण खालून ओरडली. “आजून पोराची मावशी नाचली न्हाय!”

आई थांबली नाही. निलेशला प्लग सापडला तेव्हा त्याने हळूच ढोलकी धरली, तीही आईच्या मागून. आणि मी मांडीएवढ्या उंचीवर माईक धरून उकिडवा बसलो होतो. खरं सांगतो, इतकी वर्षं ज्या जागेवर बसलो ती अशी बघता बघता गेली होती. मग मी आईकडे पाहिलं. लग्न होऊन आली तेव्हापासून दर गौरी-गणपतीत तिने त्या परातीत फक्त इतरांसाठी पीठ मळलं होतं. आज पहिल्यांदा शे-दोनशे माणसं तिच्या हाताकडे बघत होती आणि ती लाजून, ओठ दाबून हसत होती, पण ठोका चुकवत नव्हती. मला रडू आलं. (माईक चालू असल्याने ते सर्वांना ऐकू आलं. पाहुण्यांना वाटलं, नवऱ्याचा कोणी जवळचा असेल.)

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रकाशदादांचा फोन आला. मी पहिल्याच रिंगला उचलला.

“दादा, कालच्याबद्दल सॉरी. ड्रम मी बदलून घेतो, अठरा बाय चौदाचा.”

“अरे राहू दे. टेम्पो नाही, वायर नाही, प्लग नाही. सगळीकडे चालेल असं वाद्य आणायला मीच सांगितलं होतं ना तुला? आणलंस की! जरा आईंना फोन दे.”

आईने एकादशी आणि चतुर्थी सोडून होकार दिला.

तर आता आमच्या घरात अजूनही पाच जणच राहतात, फक्त एकाचा व्यास अठरा इंच आहे. तो दुकानात परत देता आला नाही, कारण त्याच्या लाल अंगावर नवऱ्यामुलाच्या हळदीचे दोन पंजे उमटलेत ते काही केल्या निघत नाहीत. तो आडवा असतो आणि त्यावर आईच्या गोळ्यांचा डबा असतो. टेबल म्हणून तो जुन्यापेक्षा चार इंच उंच आहे आणि पाहुण्यांना चहा घ्यायला सोयीचा पडतो. हंसाबेन अजूनही लिफ्टमध्ये पुलावाचा विषय काढतात. शनिवारी आई रिक्षाने जाते, मी निलेशच्या मागे ऑक्टोपॅडला मिठी मारून जातो आणि तिकडे माईक धरतो. निलेशने परवा माझी ओळखही करून दिली. म्हणाला, “हे आमचे भावजी. स्टँडबाय.”

गेल्या शनिवारी मला बाईकवर ऊन लागलं, तेव्हा न राहवून मी आईला म्हटलं, “आता रिक्षात ड्रम नसतो. मला घे ना शेजारी.”

“शेजारी परात असते,” आई म्हणाली. “मागं ठेवली की आपटते, सूर बिघडतो तिचा. तू मागं मावतोस का बघ. परात मावली होती.”

मी खाली गेलो. नाक्यावर तोच रिक्षावाला होता. मी खिशातून टेप काढली आणि आधी सीटमागची जागा मोजली, मग स्वतःला मोजलं. लांबी, रुंदी आणि उंची. या वेळी तिन्ही मोजल्या.

नाही मावत.